मिठाच्या पाण्यात हात

22 मार्च 1905. नेदरलँड्समधलं लायडन. प्रयोगशाळेतून सायकल मारत तुम्ही दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात पोचला आहात आणि छाती अजून धडधडते आहे. बाह्या वर सरका. दोन्ही हात समोरच्या भांड्यांत बुडवा. मिठाचं पाणी आहे. डाव्या पायाचा मोजा काढून पाऊल तिसऱ्या भांड्यात सोडा. आता हलू नका. मुठी आवळल्यात तर स्नायूंची वीज मिसळेल आणि नोंद बिघडेल.

भांड्यांपासूनच्या तारा टेलिफोनच्या वाटेने प्रयोगशाळेत गेल्या आहेत. चला, तारेच्या त्या टोकाला.

सुमारे 270 किलोचं धूड आहे हे यंत्र. विद्युतचुंबक इतके तापतात की पाणी खेळवून ते थंड ठेवावे लागतात. चालवायला पाच माणसं लागतात. एवढ्या पसाऱ्याच्या मधोमध ताणलेला आहे चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा धागा, केसाहून कितीतरी बारीक. तुमच्या हृदयाची वीज जेमतेम एक सहस्रांश व्होल्ट. ती धाग्यातून गेली की तो चुंबकांच्या मधे थरथरतो आणि त्याची सावली सरकत्या फोटोच्या काचेवर उमटते.

काच धुऊन, हे यंत्र घडवणारे विलेम आइंटहोव्हेन ती उजेडात धरतात. एका ठोक्याच्या रेघेत पी लाटेचा छोटा उंचवटा, मग क्यू-आर-एसचा सुळका, शेवटी टी. त्या सुळक्याचं टोक, म्हणजे तुमची आर लाट, चांगलीच उंच आली आहे. सायकलीमुळे, असं त्यांचं अनुमान.

या क्षणाचं मोल मला फार वाटतं. 1816मध्ये पॅरिसात लेनेकने स्टेथोस्कोप दिला, पण ऐकलेलं डॉक्टरच्या कानातच राहायचं. 1887मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलरने हृदयाची वीज टिपली, तीही पाऱ्याच्या नळीवर, आणि पारा सुस्त. आता दीड किलोमीटरवरच्या माणसाचं हृदय काचेवर स्पष्ट उतरलं होतं, आणि दोन डॉक्टर त्यावर वाद घालू शकत होते. 1920मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पार्डीने हार्ट अटॅकच्या रुग्णात सुळक्यानंतरची रेघ वर उचललेली दाखवली. 1924मध्ये आइंटहोव्हेनना नोबेल मिळालं.

आता परत या. तुमच्या ईसीजीच्या कागदावर एक, दोन, तीन अशा ओळी आहेत ना? पहिली दोन हातांमधली, दुसरी उजवा हात-डावा पाय, तिसरी डावा हात-डावा पाय. भांड्यांच्या जागी चिमटे आले. जोडणी आइंटहोव्हेनचीच आहे.

हार्ट अटॅकमधली ती वर उचललेली रेघ याच कागदावर दिसू शकते. म्हणून छातीत दुखलं, घाम फुटला, तर ॲसिडिटी समजून घरी बसू नका. रुग्णालयात पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी निघायला हवा, तो मागा. पहिला नॉर्मल आला आणि दुखणं थांबलं नाही, तर पुन्हा काढायला सांगा, हृदयाच्या स्नायूला इजा झाली का हे दाखवणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणीही करून घ्या.