जैव कीडनियंत्रणातील गणितीय प्रतिमाने

पिकांवरील उपद्रवी कीटकांचा त्यांच्या नैसर्गिक शत्रूंकरवी बंदोबस्त करण्याच्या पद्धतीस जैव कीडनियंत्रण म्हणतात. किडीची व शत्रूची संख्या परस्परांमुळे कशी बदलते, हे समीकरणांत मांडणे म्हणजे तिचे गणितीय प्रतिमान होय.

पद्धती गणिताहून जुनी आहे. कॅलिफोर्नियातील संत्र्यालिंबांच्या बागा कापशी खवले कीटकांनी उजाड होऊ लागल्या, तेव्हा १८८८–८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून व्हेडेलिया हा ढालकिडा आणून सोडण्यात आला व अल्पावधीतच कीड नगण्य झाली. गणिती उपपत्तीचा उगम मात्र शेतात नव्हे, समुद्रात आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात एड्रिॲटिक समुद्रातील मासेमारी मंदावली असता मासळीत शार्कसारख्या भक्षक माशांचे प्रमाण वाढल्याचे प्राणिवैज्ञानिक उंबेर्तो दांकोना यांना आढळले. त्यांचे सासरे, गणितज्ञ व्हीतो व्होल्तेर्रा यांनी १९२६ मध्ये याचा उलगडा केला. (ॲल्फ्रेड लोटका यांनी तशीच समीकरणे स्वतंत्रपणे मांडली होती.) भक्ष्य व भक्षक यांचा त्यांच्या संख्येच्या प्रमाणात सरसकट संहार केल्यास भक्ष्याची सरासरी संख्या वाढते व भक्षकाची घटते, हा त्यांचा निष्कर्ष. फवारणी हाही बव्हंशी असाच संहार होय. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात डीडीटीच्या फवाऱ्याने व्हेडेलिया मेले आणि कापशी खवले पुन्हा उसळले. तेथे किडीपेक्षा ढालकिड्यांचीच हानी अधिक झाली, त्यामुळे हे उदाहरण सिद्धांतास तंतोतंत लागू पडत नाही. परंतु रोख तोच.

ऑस्ट्रेलियातील ए. जे. निकल्सन व व्ही. ए. बेली यांनी १९३५ मध्ये परजीवी कीटकांसाठी पिढीवार प्रतिमान रचले. त्यात संख्येचे हेलकावे वाढत जाऊन अखेर परजीवी नष्ट होतो. व्हेडेलियासारखी दीर्घकाळ टिकलेली उदाहरणे याच्या विरुद्ध होती, आणि ही विसंगतीच पुढील संशोधनास उपकारक ठरली. परजीवी दाट किडीच्या जागी एकवटल्यास हेलकावे शमू शकतात, असे मायकेल हॅसल व रॉबर्ट मे यांनी १९७३ मध्ये दाखविले.

प्रत्यक्ष कसोटीचा एक चांगला प्रयोग विल्यम मर्डॉक व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. तांबड्या खवले कीटकांचा त्यांनी मुद्दाम उद्रेक घडविला. ॲफिटिस मेलिनस या सूक्ष्म परजीवीने तो त्वरेने आवरून कीड अल्पसंख्य व स्थिर ठेवली. (हा परजीवी १९५६–५७ मध्ये भारत व पाकिस्तान येथून कॅलिफोर्नियात नेण्यात आला होता.) प्रतिमानाचे भाकीत जवळजवळ तसेच होते. प्रौढ किडीवर परजीवीचा हल्ला चालत नाही, म्हणून ती समूळ संपत नाही व परजीवीची उपासमारही होत नाही. परजीवीची वाढ मात्र किडीहून जलद असल्याने किडीला डोके वर काढता येत नाही.