बॉम्बने नेलेले कान

कानाचा आतला भाग जिवंत माणसात उघडून पाहता येत नाही. कानशिलाच्या अतिशय कठीण हाडात तो बंद असतो, आणि तपासणीसाठी तिथला तुकडा काढावा तर आहे ते ऐकू येणंही जायचं. त्यामुळे बहिरेपणाचा अभ्यास बराचसा मृतांच्या कानांवर झाला. आमच्याकडे मय्यत शक्य तितक्या लवकर दफन करतात, म्हणून हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला कसंतरीच झालं.

मग जोसेफ टॉयन्बी यांच्याबद्दल वाचलं. 19व्या शतकातल्या लंडनच्या या डॉक्टरांनी सुमारे 2000 कान उघडून पाहिले. कानात रिकिबीच्या आकाराचं एक इवलंसं हाड असतं (उर्दूत रकाब, मराठीत रिकीब, शब्द एकच). ते जागच्या जागी घट्ट बसलं, हलेनासं झालं की माणूस बहिरा होतो, हे त्यांना दिसलं. 1857 साली त्यांनी आपल्या नमुन्यांची यादी छापली. 1866 साली कानातल्या गुणगुणीवरचा उपाय स्वतःवरच आजमावताना, क्लोरोफॉर्म आणि प्रुसिक आम्ल हुंगून, ते गेले.

त्यांचे नमुने रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या संग्रहालयात होते. मे 1941 मध्ये तिथे जर्मन बॉम्ब पडला आणि ते नष्ट झाले. यादी उरली. ती वाचता येते, पण टॉयन्बींचं कुठे चुकलं असेल तर ते तपासायला आता कान नाहीत.

तपासता आलं तर काय होतं, ते बॉस्टनमध्ये दिसलं. तिथल्या हॅरॉल्ड शुक्नेख्त यांनी असे कान जमवले, अभ्यासले. म्हातारपणी कानाला वीज पुरवणारी ऊती झिजते आणि ऐकू येणं कमी होतं, हे त्यांचं मत पुस्तकांत रुजलं. 2020 साली त्याच शहरातल्या संशोधकांनी संग्रहातले 120 कान नव्या सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा मोजले. मुख्य नुकसान केसपेशींचं निघालं. त्यात आयुष्यभराच्या गोंगाटाचा वाटा असावा, असं त्यांचं म्हणणं. (वरातीत डीजेला चिकटून नाचणाऱ्या आमच्या पोरांना हे कोण सांगणार?) गुरूंचं मत त्यांच्याच ठेव्याने दुरुस्त केलं. हयातीत केलेल्या श्रवणचाचणीची नोंद कानासोबत जपली होती, म्हणूनच हे जमलं. ती नोंद नसेल तर काचेवर नुसतं हाड उरतं.

एक कान तयार करायला वर्षभर तरी लागतं. आधी हाडातला चुना काढायचा, मग मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतके पातळ काप घ्यायचे. साधारणपणे दर दहावा काप रंगवून काचेवर चढवतात. तो रंग हळूहळू फिका पडतो, काचा फुटतात. म्हणून आता त्यांचं स्कॅनिंग चाललं आहे. मग दूरच्या अभ्यासकालाही पडद्यावर तेच पाहता येतं.

मात्र स्कॅनमधून प्रथिनं तपासता येत नाहीत. त्यासाठी न रंगवलेले बाकीचे नऊ काप अल्कोहोलच्या बरण्यांत ठेवलेले असतात. अल्कोहोल उडून जातं, ते कुणीतरी अधूनमधून पुन्हा भरावं लागतं.