आधी नाव, मग मत

निवडणुकीचा इतिहास म्हटला की आपण निकाल बघतो, पक्ष बघतो. मतदार यादी कुणी उघडत नाही. आज वाशीमची गोष्ट आपण यादीच्या बाजूने बघू या.

वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. त्याआधी तो अकोल्यात होता. इथल्या ज्या माणसाने १९५२ ला पहिलं मत दिलं, त्याने ते मध्य प्रदेशात दिलं, राजधानी नागपूर. १९५७ ला तोच माणूस द्विभाषिक मुंबई राज्याचा मतदार, १९६२ ला महाराष्ट्राचा. घर तेच, गाव तेच, तीन निवडणुका तीन राज्यांत!

त्याच्याही मागे गेलो तर गंमत आणखी वाढते. वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं होतं. १८५३ ला इंग्रजांनी त्याचा कारभार घेतला, १९०२ ला वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा केला. मुलूख परक्याचा, म्हणून १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचा माणूस 'निवडून आलेला' म्हणून बसू शकत नव्हता. निवडणूक व्हायची, मतं मोजली जायची आणि मग जिंकलेल्याला सरकार 'नेमायचं'. मतदाराचं मत म्हणजे जणू शिफारसपत्र.

तेही मत मूठभरांना. जमीन, कर किंवा शिक्षण पाहिजे. १९३५ च्या कायद्याने काही बायकांनाही मत मिळालं, पण त्यात एक वाट अशी होती की नवरा पात्र असेल तर त्याची बायको पात्र. म्हणजे 'अमक्याची बायको' ही सरकारदरबारी तिची पात्रताच होती.

आता १९५० चं संविधान बघा. कलम ३२६: वय २१ पूर्ण, एवढं बस. जमीन नको, शाळा नको, नवरा नको. यादी करणारे दारोदार फिरले आणि अडले कुठे, तर नावावर. परका माणूस दारात येऊन नाव विचारतो. घरातली बाई नवऱ्याचं नाव घेणार ते उखाण्यात, आणि स्वतःचं तर लग्नात बदललेलं. मग लिहिलं गेलं, अमक्याची आई, तमक्याची बायको.

पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं, असं चालणार नाही, स्वतःचं नाव पाहिजे. देशात स्त्री मतदार जवळपास ८ कोटी. त्यांतल्या सुमारे २८ लाख बायकांची नावं शेवटपर्यंत मिळाली नाहीत, म्हणून त्या यादीबाहेर राहिल्या. ज्या प्रांतांत हे जास्त झालं त्यांत तेव्हाचा मध्य प्रदेशही होता. निर्णय कठोर होता, पहिलंच मत गेलं बिचाऱ्यांचं. तरी आम्हाला तो बरोबर वाटतो. 'अमक्याची बायको' यादीत राहिली असती, तर मतही अमक्याचंच मोजलं गेलं असतं.

लोकशाहीत बोलायची हिंमत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सभा येते, माईक येतो. या बायकांना ती लागली उंबऱ्यात, सासऱ्यादेखत, आणि बोलायचा होता एकच शब्द. पुढचं त्या मानाने सोपं होतं. १९५२ ला प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर त्याचं चिन्ह, समोर पडदा. कुठल्या पेटीत कागद टाकला हे नवऱ्यालाही कळणार नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय होती हे आपण नेहमी सांगतो. दबून राहणाऱ्यांसाठीही ती तितकीच होती, हे सांगत नाही.

आणि आज? २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण 'सरपंचपती' हा शब्द वाशीम, रिसोड, मानोरा, कुठेही समजावून सांगावा लागत नाही. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असा कायदा आहे. ती पुष्कळदा रजिस्टरावरच उरकते. पुढच्या खेपेला ते रजिस्टर मागून बघा. किती बायकांची नुसती सही आहे, आणि अमुक बाईंनी असं म्हटलं अशी नोंद किती जणींची आहे.