विजेचा झटका आणि जनुकाची वाट

मागच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली होती. पेशीला विजेचा झटका दिला की जनुक आत शिरतं, असं आम्ही ओझरतं म्हणून गेलो होतो. त्यावर विचारलं होतं की झटक्याने पेशी मरत कशी नाही? प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा आहे. खरं उत्तर असं की पेशी मरते. पुष्कळ वेळा मरते. या तंत्राचा इतिहास बराचसा ‘किती मारायचं आणि कुठे थांबायचं’ याचाच इतिहास आहे. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

गॅल्व्हानी आणि बेडकाचा पाय आपल्याला शाळेपासून माहीत आहे. पण आपल्या गोष्टीतला बेडूक वेगळा, १९५८ सालचा. रॉबर्ट श्टेम्फ्ली यांनी बेडकाच्या चेतातंतूवर वीज देऊन पाहिलं, की ठरावीक मर्यादेपलीकडे पेशीचं पटल विजेला दाद देईनासं होतं, म्हणजे फुटल्यासारखं होतं, आणि काही वेळा पुन्हा पूर्ववतही होतं. हे ‘पूर्ववत होणं’ महत्त्वाचं होतं, पण तेव्हा त्याकडे फार कुणी पाहिलं नाही. १९६७ साली सेल आणि हॅमिल्टन यांनी जिवाणू आणि यीस्ट यांना काही मायक्रोसेकंदांचे जोरदार स्पंद दिले. पेशी मेल्या. त्या उष्णतेने किंवा विजेमुळे तयार होणाऱ्या रसायनांनी मेल्या नाहीत, विद्युतक्षेत्रामुळे पटल निकामी झालं म्हणून मेल्या, हे त्यांनी नीट सिद्ध केलं. हा जंतू मारण्याचा अभ्यास होता. जनुकाचा विचार तिथे नव्हता.

आता थोडं गणित, घाबरू नका. पेशीचं पटल साधारण ५ नॅनोमीटर जाडीचं असतं. त्याच्या दोन बाजूंमध्ये १ व्होल्टचा फरक पडला, तर पटलाच्या आत दर सेंटिमीटरला २० लाख व्होल्ट इतका ताण होतो. घरातला साधा सेल दीड व्होल्टचा असतो, हे लक्षात घ्या! बाहेरून क्षेत्र लावलं की पटलावर किती व्होल्ट येणार, हे पेशीच्या आकारावर ठरतं. १० मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीला दर सेंटिमीटरला साधारण ७०० व्होल्ट पुरतात. जिवाणू त्याच्या विसाव्या हिश्शाएवढा असला तर त्याला वीसपट जोर लागतो. मोठ्या पेशीला झटका लवकर लागतो, लहान पेशी निसटते. हीच गोष्ट पुढे ऊतींमध्ये डोकेदुखी ठरली, कारण ऊतीत सगळ्या पेशी एका मापाच्या नसतात.

१९७२ मध्ये एबरहार्ड नॉयमन आणि कर्ट रोझेनहेक यांनी गायीबैलांच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या सूक्ष्म पिशव्यांवर स्पंद देऊन दाखवलं की आतला ऐवज बाहेर येतो आणि पिशवी तरीही टिकते. बाहेर येऊ शकतं, तर आत का जाऊ शकणार नाही? दहा वर्षांनी, १९८२ साली, म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीड इथल्या माक्स प्लांक जीवरसायन संस्थेतून नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. प्रयोग असा. उंदराच्या अशा पेशी घ्यायच्या, ज्यांत थायमिडीन कायनेज हे विकर बनवणारं जनुक नाही. एका विशिष्ट माध्यमात त्या जगूच शकत नाहीत. त्यांच्यात ते जनुक असलेला डीएनए मिसळायचा, दर सेंटिमीटरला ८,००० व्होल्टचे, ५ मायक्रोसेकंदांचे तीन झटके द्यायचे, आणि मग त्या माध्यमात कोण जगतं ते बघायचं. दहा लाख पेशींमागे सुमारे ९५ वसाहती उगवल्या. दहा लाखांत ९५, म्हणजे काही फार नव्हे. पण ज्या जगल्या त्या नव्या जनुकाच्या बळावर जगल्या, यात शंका उरली नाही. ‘इलेक्ट्रोपोरेशन’ हा शब्दही याच लेखातून रूढ झाला.

इथवरची गोष्ट बहुतेक पाठ्यपुस्तकांत सापडते. पुढची फारशी सांगितली जात नाही. आमच्या मते खरी उडी १९९१ ची आहे. टिटोमिरोव, सुखारेव आणि किस्तानोव्हा यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांच्या कातडीखाली प्लाझ्मिड टोचलं, कातडीची चुणी धरून तिच्यावर स्पंद दिले, आणि नंतर त्या कातडीतल्या पेशी वाढवल्या तेव्हा काहींत ते जनुक टिकून असलेलं दिसलं. काचेच्या भांड्यातून जिवंत प्राण्यात! त्याच सुमारास फ्रान्समध्ये लुइस मीर आणि त्यांचा गट हेच झटके वेगळ्या कामाला लावत होता: ब्लिओमायसीन हे कर्करोगाचं औषध गाठीच्या पेशींत घालायला. औषधाचं काम जनुकापेक्षा सोपं, कारण रेणू लहान. माणसांवर तेच आधी पोचलं.

१९९६ मध्ये रिचर्ड हेलर यांच्या गटाने उंदराच्या यकृतात, १९९८ मध्ये आयहारा आणि मियाझाकी यांनी स्नायूत जनुकं घातली. स्नायूचं एक वैशिष्ट्य १९९० पासून माहीत होतं: नुसता डीएनए टोचला तरी तो थोडाफार चालतो, पण कमी आणि बेभरवशाने. १९९९ मध्ये मीर यांच्या गटाने दाखवलं की दर सेंटिमीटरला ३०० व्होल्टपेक्षा कमी, पण मिलिसेकंदांपर्यंत लांबवलेले स्पंद दिले, तर हे उत्पादन शेकडो पटींनी, कधी त्याहून जास्त वाढतं, आणि प्राण्याप्राण्यांतला फरकही घटतो. जोर कमी, वेळ जास्त. त्याच वर्षी फिलाडेल्फियात विषाणूवाहक जनुकोपचाराच्या चाचणीत १८ वर्षांचा एक तरुण दगावला. विषाणूशिवाय जनुक नेण्याच्या वाटा का शोधायच्या, हे मग वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

‘पोरेशन’ या नावाने मात्र एक गैरसमज रुजवला. पटलाला भोक पडतं आणि डीएनए त्यातून सरळ आत पडतो, असं चित्र आपण मनात धरतो. २००२ मध्ये तुलूझच्या गोल्झिओ, तेसिए आणि रोल्स यांनी एकेका पेशीकडे सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. डीएनए ऋणभारित असल्याने धनाग्राकडे ओढला जातो, आणि वाटेत पेशीच्या ऋणाग्राकडच्या बाजूवर आदळून तिथेच चिकटतो, गुठळ्यांसारखा. आत तो झटका संपल्यानंतर, सावकाश जातो. म्हणजे वीज दार उघडून देते असं म्हणण्यापेक्षा, डीएनएला दारात आणून चिकटवते असं म्हणणं खरं जास्त जवळचं.

माणसांवरची पहिली प्रकाशित चाचणी २००८ ची. पसरलेल्या मेलॅनोमाच्या २४ रुग्णांच्या गाठींत इंटरल्यूकिन-१२ चं प्लाझ्मिड टोचून प्रत्येक वेळी सहा झटके दिले गेले. मुख्य त्रास झटक्यानंतरच्या, थोडा वेळ टिकणाऱ्या वेदनेचा. आणि ज्या १९ रुग्णांत हात न लावलेल्या लांबच्या गाठी होत्या आणि दुसरा उपचार चालू नव्हता, त्यांतल्या दोघांच्या सगळ्या गाठी नाहीशा झाल्या. दोनच, हे विसरू नका. पण ज्या गाठीला वीज लागलीच नाही तीही गेली, ही बाब साधी नाही.

वेदना मात्र राहिली. सुया खुपसायच्या आणि स्नायूला हिसका द्यायचा, हे कर्करोगाच्या रुग्णाला सांगता येतं. निरोगी माणसाला लसीसाठी सांगणं अवघड. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भारतात मंजूर झालेली डीएनए लस, झायकोव्ह-डी, सुईविना जेट यंत्राने त्वचेत दिली गेली, झटका न देता.

आता आपल्या जवळची गोष्ट. सिकलसेल आजारावरचा कॅसजेव्ही हा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. त्यात रक्ताच्या मूळपेशी शरीराबाहेर काढतात, झटका देऊन त्यांत जनुक कापणारी यंत्रणा घालतात, आणि जोरदार केमोथेरपीने मज्जा रिकामी करून त्या पेशी परत देतात. १९८२ च्या भांड्यातलीच रीत. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर ठरली. गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिथल्या मुलापर्यंत यातलं काही पोचायचं असेल, तर पेशी बाहेर न काढता शरीरातच हे काम करता यायला हवं. टिटोमिरोव यांनी कातडीची चुणी धरली, तिथून मज्जेपर्यंतचा रस्ता अजून झालेला नाही.