गाडी पूर्ण आली का?

पांढरकवड्याच्या बसस्थानकावर एसटी लागली की ड्रायव्हर मागे वळून पाहत बसत नाही. मागे माणसं चढतात, पोती सरकतात, रुमाल टाकून धरलेल्या जागेवरून दोघांची जुंपते. ते सगळं उरकून दार लागलं की कंडक्टर दोरी ओढतो : डबल बेल. एक घंटा थांबायची, दोन निघायच्या. मागे काय चाललं होतं याच्याशी ड्रायव्हरला कर्तव्य नाही, ते संपलं एवढं कळलं की झालं.

मोबाइलवरून पैसे पाठवले की हिरवी खूण फिरत फिरत उमटते आणि मग पावतीचं पान उघडतं. खूण पुरती उमटली, हे ॲपला सांगायची जी सोय असते तिला प्रोग्रामर कॉलबॅक म्हणतात. तिचं कूळ शोधायचं तर आधी रेल्वेच्या दारात जावं लागतं.

सुरुवातीच्या काळात एक गाडी सुटली की घड्याळ पाहून ठरावीक मिनिटांनी पाठची सोडत. पहिली एव्हाना पुढे गेली असेल, एवढ्याच भरवशावर. 12 जून 1889 ला आयर्लंडमधल्या आर्मा गावाजवळ हा भरवसा फसला. रविवारच्या शाळेच्या मुलांची सहलीची गाडी चढावर अडली. इंजिनाला सगळे डबे ओढवेनात म्हणून गाडी मधे तोडली, तर मागचे डबे उताराला लागले आणि वेळेचं अंतर ठेवून सोडलेल्या पाठच्या गाडीवर आदळले. 80 जण गेले, त्यांत मुलं बरीच. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ब्लॉक पद्धत सक्तीची केली : पुढच्या स्थानकाने गाडी पोचल्याचं कळवल्याशिवाय मागच्याने दुसरी सोडायची नाही.

पण पोचली म्हणजे काय? केळापूर तालुक्यातल्या पिंपळखुटीवरून माजरी–आदिलाबाद मार्ग जातो. तिथे काय किंवा देशात कुठे काय, इंजिन फलाटाला लागलं म्हणून गाडी आली असं रेल्वे धरत नाही. शेवटच्या डब्याची पाटी, रात्री त्याचा लाल दिवा, दिसायला हवा. मधेच डबे सुटून राहिले असतील तर पाटी दिसणार कुठून? आता बऱ्याच ठिकाणी चाकांचे आस मोजणारी यंत्रं हे काम करतात, प्रश्न तोच.

सिनेमावाल्यांची तऱ्हा निराळी. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका चमके आणि ऑपरेटर दुसरं यंत्र चालू करी. दुसऱ्या ठिपक्याला चित्र बदले. ही सूचना संपण्याआधीची.

संगणकवाल्यांनी मात्र पुन्हा घड्याळापासूनच सुरुवात केली, याचं मला अजून नवल वाटतं. 1990च्या दशकातल्या ब्राउझरमध्ये टायमर होता. पडद्यावर अर्ध्या सेकंदाची हालचाल, म्हणून अर्ध्या सेकंदाचा टायमर. यंत्र रखडलं की चित्र अर्ध्यात आणि पुढचं पान हजर! 2006 साली आलेल्या जेक्वेरी या वेबपानांसाठीच्या तयार कोडसंचाने हालचाल संपल्यावर काय करायचं ते हालचालीलाच बांधून द्यायची सोय घरोघरी पोचवली. 2010 मध्ये आयफोनच्या चौथ्या आयओएसमध्ये आलेला कॉलबॅक सोबत हो-नाही असं एक उत्तरही देई : पुरी झाली, की मधेच तोडली? आर्माच्या त्या गाडीबद्दल हेच कुणी विचारायला हवं होतं.

निरोप येतच नाही असंही घडतं. ब्राउझरमध्ये हलणारा भाग वाटेतच लपवला, किंवा डोळ्यांना त्रास होतो म्हणून वापरणाऱ्याने हालचाली बंद केल्या आणि पानाने तसं पाळलं, तर संपल्याची खबर देणार कोण? गाडी सुटलीच नाही आणि स्टेशनमास्तर ती पोचल्याच्या घंटेची वाट पाहतोय! असे अडकलेले पडदे अजून दिसतात.

ॲपचे पडदे रचायची ॲपलची स्विफ्टयूआय ही प्रणाली 2019 ला आली ती अशा कॉलबॅकशिवाय. तो मिळाला 2023 मध्ये, आणि येताना त्याने शेवटच्या डब्याचा जुना प्रश्न पुन्हा काढला. स्प्रिंगसारखी हालचाल डोळ्यांना थांबल्यासारखी दिसते, तरी आत बारीक थरथर चालूच असते. मग संपली कधी म्हणायचं? ॲपलने दोन्ही उत्तरं ठेवली : नजरेला स्थिरावली तेव्हा, किंवा थरथरही पुरती विरली तेव्हा. काही न सांगितल्यास पहिलं लागू. पुढचं पान उघडायला ते पुरतं. हलणारं चित्रच पडद्यावरून काढून टाकायचं असेल तर दुसरं मागावं, नाहीतर उरलेली थरथर डोळ्यांदेखत तुटते.