एल्डर

एल्डर (शास्त्रीय नाव: सॅम्ब्युकस नायग्रा) हे यूरोपात सर्वत्र आढळणारे पानझडी झुडूप किंवा लहान वृक्ष आहे. त्याचा समावेश ॲडोक्सेसी कुलात होतो. पूर्वी तो कॅप्रिफोलिएसी कुलात केला जात असे. नावात साम्य असले तरी आल्डर (ॲल्नस) हा वृक्ष पूर्णपणे वेगळा आहे.

पाने संयुक्त असून प्रत्येकात बहुधा पाच ते सात दले असतात. उन्हाळ्याच्या आरंभी पिवळसर पांढऱ्या, सुगंधी फुलांचे चपटे झुबके येतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जांभळट काळी मृदुफळे पिकतात.

लागवड

ओलसर, नायट्रोजनयुक्त जमीन या झाडाला विशेष मानवते. त्यामुळे जुन्या वस्त्या व उकिरड्यांच्या आसपास ते आपोआप उगवते. हिवाळ्यात पक्व फांद्यांचे छाट लावून अभिवृद्धी करतात. फळे मुख्यतः दुसऱ्या वर्षाच्या फांद्यांवर धरत असल्याने जुन्या फांद्या बुंध्यापासून काढून टाकतात. ऑस्ट्रियातील ‘हाशबर्ग’ आणि डेन्मार्कमधील ‘सॅम्पो’ हे व्यापारी लागवडीतील वाण आहेत. डॅनिश लोकसमजुतीनुसार या झाडात ‘हिल्डेमोर’ (एल्डरमाता) वास करते, म्हणून फांदी तोडण्यापूर्वी तिची परवानगी मागण्याची प्रथा होती.

औषधी उपयोग व विषारीपणा

यूरोपीय लोकवैद्यकात एल्डरचा एकही भाग वाया जात नसे. १६३१ मध्ये मार्टिन ब्लोखविट्झ यांचा ‘ॲनाटॉमिया सॅम्ब्युसी’ हा केवळ या एका झाडाच्या औषधी गुणांना वाहिलेला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. सर्दी-तापात घाम आणण्यासाठी वाळलेल्या फुलांचा गरम फांट देत, फळांचा रस आटवून दाट पाक करीत, मुका मार लागल्यास पानांचे मलम लावीत आणि आतली साल रेचक म्हणून वापरीत.

यांपैकी पाने व साल यांचा अंतर्गत वापर धोकादायक आहे. पाने, साल, देठ, बिया आणि कच्ची फळे यांत सॅम्ब्युनिग्रिन हे ग्लायकोसाइड असते व त्यापासून शरीरात सायनाइड मुक्त होते. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तेथील स्थानिक एल्डरची फळे पाने व फांद्यांसह चिरडून काढलेला कच्चा रस प्यायल्याने आठ जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते. पूर्ण पिकलेली फळे शिजवल्यास हा धोका बहुतांशी नाहीसा होतो. जुन्या पाककृतींत पाक नेहमी उकळलेला असे, ही बाब अर्थपूर्ण आहे. यूरोपीय औषध संस्थेने सर्दीच्या प्रारंभिक लक्षणांसाठी फुलांच्या वापरास मान्यता दिली आहे, मात्र ती दीर्घ परंपरेच्या आधारावर. चिकित्सालयीन चाचण्यांच्या नव्हे.

रानातून फळे गोळा करताना बुटका एल्डर (सॅम्ब्युकस एब्युलस) ही अधिक विषारी जाती ओळखता येणे आवश्यक असते. तिचे खोड काष्ठमय नसते आणि फळांचे घोस लोंबण्याऐवजी ताठ उभे राहतात.