आयव्हीएफचं पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना काय विचारायचं?

‘आमच्याकडे यशाचं प्रमाण ७० टक्के’ अशी जाहिरात तुमच्याही मोबाइलवर आली असेल. पण ७० टक्के कशाचे? चाचणी पॉझिटिव्ह येणं, सोनोग्राफीत ठोके दिसणं आणि मूल जन्माला येणं हे तीन वेगळे आकडे आहेत आणि दर पायरीला आकडा घसरतो. म्हणून प्रश्न असा विचारा: माझ्या वयाच्या, स्वतःचीच स्त्रीबीजं वापरणाऱ्या १०० जणींनी तुमच्याकडे उपचार सुरू केले, तर एका सायकलमध्ये किती जणींना मूल होतं? उत्तर टाळलं, तर तेही एक उत्तरच.

मुळात आयव्हीएफ लागणार आहे का, हे आधी ठरायला हवं. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत (बाईचं वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिने), तर तपासणी दोघांचीही करायची. वीर्यतपासणी स्वस्त आणि सोपी. तरी आपल्याकडे बायकोची फाइल जाडजूड होईपर्यंत ती राहूनच जाते! सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत.

पीसीओएसमुळे बीज वेळेवर फुटत नसेल, तर बहुतेकदा सुरुवात गोळ्यांनी होते. नळ्या उघड्या आणि शुक्राणू बरे असतील तर आययूआय करून पाहता येतं. त्याला भूल लागत नाही, खर्चही कमी; पण दर वेळची यशाची शक्यताही कमीच. दोन्ही नळ्या बंद असतील तर त्याचा उपयोग नाही. चाळिशी जवळ आली असेल, तर त्यात महिने घालवणं उलट महागात पडू शकतं. एएमएच कमी आलं म्हणून लगेच घाबरू नका. ती तपासणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते, दर्जाचा नाही.

पॅकेजमध्ये इंजेक्शनं, गर्भ गोठवणं आणि पुढच्या वेळचं ट्रान्सफर धरलंय का, हे लेखी घ्या. ‘एम्ब्रियो ग्लू’सारखे जोडउपचार सुचवले, तर त्याने मूल होण्याची शक्यता किती वाढते ते विचारा.

२०२१च्या एआरटी कायद्यानुसार क्लिनिकची नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी वयाची मर्यादा बाईला ५०, पुरुषाला ५५ वर्षं. संमतीपत्रावर सही केली तरी गर्भ गर्भाशयात सोडेपर्यंत दोघांपैकी कुणालाही संमती मागे घेता येते.